गाई उलटल्या त्या वर्षी

सकाळी डिम्फ्ना लॅव्हिनचं सगळं अंग उठायचं, डावा खांदा तेवढा मागं राहायचा. चहा होईपर्यंत तो हलायचं नाव घेत नसे. मग तिचा थोरला भाऊ फेलिम तिच्या कोटाची बाही धरून उभा राहायचा.

"घाल हात."

"घालतेय ना."

"कुठं घालतेयस? बघत बसलीयस त्या बाहीकडं. डॉक्टरकडं जा म्हणून सांगून माझं तोंड दुखलं."

"मग बंद ठेव जरा."

दोघं बहीणभाऊ अविवाहित. रोसकॉमन परगण्याच्या उत्तरेला, किलनाबो गावाच्या वळणावर वडिलांनी ठेवलेल्या घरात राहत. फेलिम थोड्या मेंढ्या पाळायचा, स्वयंपाक करायचा आणि कुरकुरायचा. डिम्फ्ना तीस वर्षं कृत्रिम रेतनानं गाई भरवत होती. गाडीच्या मागच्या सीटवर नायट्रोजनचा गार ड्रम, त्यात गोठवलेल्या रेताच्या कांड्या, बाजूला त्या वितळवायला कोमट पाण्याचा थर्मास आणि खांद्यापर्यंत येणारे प्लॅस्टिकचे मोजे. एवढ्या सामानावर पंचक्रोशीतल्या अर्ध्याअधिक वासरांचा जन्म ठरायचा.

ती नवी होती तेव्हा लोक रेत पुरवणाऱ्या कंपनीला फोन करून सांगायचे, बाई नको, बाप्या पाठवा. ती वडिलांची जुनी टोपी घालून यायची. पोरंटोरं फाटकावर चढून ओरडायची, "वळू आला, वळू आला, टोपी घालून!" पुढं गाई गाभण राहायला लागल्या तशी माणसं गप्प झाली. नाव मात्र चिकटलं. फोनवरसुद्धा लोक म्हणायचे, "टोपीवाली आहे का घरात?" तिला त्याचं काही वाटत नसे. आपला हात चांगला आहे हे तिला ठाऊक होतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही असं ते काम. डावा हात गाईच्या आत घालायचा, आतड्याच्या पातळ भिंतीतून गर्भाशयाची मान चाचपून धरायची आणि उजव्या हातातली रेताची नळी तिच्यातून हळूच पलीकडं न्यायची. नळी पलीकडं गेली की बोटांना कळायचं. कसं कळतं ते तिला कुणाला सांगता आलं नसतं.

त्या वसंतात सगळ्यांना मोनार्क हवा होता. मोनार्क हा कंपनीचा शारोले जातीचा पांढरा वळू. आदल्या वर्षी त्याची पहिली वासरं बाजारात आली होती. रुंद पाठ, भरलेल्या मांड्या, आणि गाईला विताना त्रासही नाही. मांसाची जनावरं पाळणाऱ्याला आणखी काय हवं! कांड्या कमी आणि मागणारे फार, अशी गत झाली. डिम्फ्नानं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून बराच साठा तिच्याच ड्रममध्ये आला. दुसऱ्या तालुक्यांतल्या रेतनवाल्यांना चार-दोन, चार-दोन कांड्या मिळाल्या.

सगळ्यात जास्त कांड्या लागल्या जार्लथ बर्नच्या गोठ्यात. जार्लथ तिच्याच वयाचा, शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसलेला, बायको वारल्यापासून गाईंशीच जास्त बोलणारा माणूस. आपल्या प्रत्येक गाईला तो नाव घेऊन हाक मारायचा. त्यातली एक म्हातारपणाकडं झुकलेली, दुधावरच्या सायीच्या रंगाची गाय होती, तिला तो राणी म्हणायचा. तिला ओढून खोड्यात अडकवायला लागत नसे. डिम्फ्नाची गाडी आली की स्वतःच येऊन उभी राहायची आणि मागं वळून बघायची, एवढा वेळ का लावला, अशा तोऱ्यात.

मे महिन्यात डिम्फ्नानं त्याच्या सगळ्या गाई मोनार्कवर भरवल्या. भरवलेली गाय तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर आली की ती उलटली म्हणायचं. चार-दोन उलटतातच, त्याला इलाज नाही. पण जूनमध्ये जार्लथचे फोन रोज यायला लागले.

"डिम्फ्ना, आणखी दोन."

"परवाच तर तीन म्हणालास."

"त्या परवाच्या. या आजच्या. तू ये तर खरी."

ती गेली. जार्लथ खोड्याच्या दांड्यावर हात टाकून उभा होता. ती मोजा चढवत असताना तो म्हणाला, "काय गं, रेत घालतेस की चहा?"

ती हसली. तोही हसला. त्या दिवशी ते दोघांनाही हसण्यावारी न्यावंसं वाटलं. त्यानं पुन्हा मोनार्कच मागितला, तिनं पुन्हा मोनार्कच घातला. तीन आठवड्यांनी त्या गाई पुन्हा उलटल्या. या वेळी त्यांच्यात राणीही होती. मग जार्लथ विनोद करेनासा झाला. नुसता उभा राहून तिच्या हाताकडं बघायचा. त्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेजारच्या गोठ्यांतही तेच. शनिवारच्या बाजारात फेलिम मेंढ्या घेऊन गेला आणि घरी येऊन भांडी आपटायला लागला.

"काय झालं?"

"काही नाही."

"फेलिम."

"लोक म्हणतात टोपीवालीचा हात गेला. झालं? ऐकायचं होतं ना?"

डिम्फ्नानं बटाटे सोलायला घेतले.

दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीत नोएल ग्रेहनला फोन लावला. नोएल तिच्याहून वीस वर्षांनी लहान साहेब होता, बोलायला गोड.

"नोएल, मोनार्कची ती खेप एकदा तपासून बघा. फार उलटतायत."

"बघतो ना. तुम्ही म्हणताय म्हटल्यावर बघायलाच हवं."

आठवड्याभरात त्याचा फोन आला. प्रयोगशाळेत त्याच खेपेच्या कांड्या वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. शुक्राणू जिवंत होते, सरळ पोहत होते, आकारात खोट नव्हती. "अगदी पहिल्या प्रतीचं रेत आहे, डिम्फ्ना." मग त्यानं विचारलं, "तुमच्या खांद्याचं कसं आहे आता?"

त्या प्रश्नात सगळं आलं. तिनं फोन खाली ठेवला आणि आपल्या डाव्या हाताची बोटं उघडझाप करून पाहिली. करंगळीला मुंग्या येत होत्या. पूर्वीही यायच्या, पण पूर्वी तिनं त्याचा हिशेब ठेवला नव्हता.

त्यानंतर ती प्रत्येक गोष्ट दोनदा करायला लागली. थर्मासमधल्या पाण्यात थर्मामीटर बुडवून बघायची, पुन्हा बुडवायची. कांडी ड्रममधून काढताना क्षणभरही वारा लागू द्यायची नाही. गाईच्या आत हात घातल्यावर गर्भाशयाची मान सापडायची, नळी पलीकडं जायची, बोटांना कळायचं, आणि लगेच मनात यायचं, खरंच कळलं का? की तीस वर्षांच्या सवयीनं कळल्यासारखं वाटलं? तीस वर्षांत तिला हा प्रश्न पडला नव्हता. एकदा पडल्यावर तो जाईना. दुसऱ्या वळूंवर भरवलेल्या गाई बहुतेक राहत होत्या, हे तिच्या समोरच होतं. पण त्यातली एखादी उलटली की ती तीच धरून बसायची. राहिलेल्या गाई तिच्या लेखी नशिबानं राहिल्या होत्या.

ऑगस्टमध्ये जार्लथनं जनावरांचा डॉक्टर बोलावून गाभण तपासणी केली. डिम्फ्नानं तिथं असायची गरज नव्हती, तरी ती गेली. डॉक्टर सोनोग्राफीच्या यंत्राच्या पडद्याकडं बघत एकेका गाईमागं "रिकामी" म्हणत होता आणि जार्लथ त्या गाईच्या पाठीवर निळ्या रंगाचा पट्टा ओढत होता. निळ्या पाठी वाढत गेल्या. राणी आपणहून खोड्यात शिरली. मागं वळून तिनं डिम्फ्नाकडं पाहिलं.

"रिकामी," डॉक्टर म्हणाला.

जार्लथनं पट्टा ओढला नाही. रंगाची काडी हातात धरून तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "हिला काय लावायचा. ही मला ओळखू येते."

"जार्लथ, हिला एक वर्ष ठेव," डिम्फ्ना म्हणाली.

"आणि खायला काय घालू? हिवाळाभर रिकाम्या गाई पोसायला माझ्याकडं चारा आहे का? तू घालणार आहेस?" तो तिच्याकडं न बघता बोलला. "तू जा घरी, डिम्फ्ना. जा, तू."

राणी बाकीच्या रिकाम्या गाईंबरोबर कत्तलखान्याच्या गाडीत गेली. मांसाच्या जनावरांचा शेवट तोच असतो, हे डिम्फ्नाला कुणी शिकवायला नको होतं. तरी त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

सप्टेंबरात तिनं नोएलला सांगितलं, "मी काम थांबवते. दुसरं माणूस बघा."

"घाई करू नका, विचार करा," असं काहीतरी तो म्हणेल अशी तिची कल्पना होती. तो म्हणाला, "तब्येत आधी. डर्मट आहे लाँगफर्डचा, तो सांभाळेल तुमची फेरी." इतकं पटकन म्हणाला, की हे त्यानं आधीच ठरवलं होतं हे तिला कळलं. डर्मट पन्नाशीचा, कामसू माणूस होता. ड्रम न्यायला आला तेव्हा दारातच चुळबुळत राहिला. तिनंच ड्रमची एक कडी धरून त्याला तो गाडीत ठेवायला मदत केली. डाव्या हातानंच धरली, आणि कळ थेट दातांपर्यंत गेली.

मग ती झोपली. तो हिवाळा तिनं झोपण्यातच काढला म्हणायला हरकत नाही. सकाळी उठायची, चहा घ्यायची, शेगडीत पीटची, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीची, ढेप टाकायची आणि खुर्चीत पुन्हा डोळे मिटायची. खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळानं नाव लिहून घेतलं होतं, बोलावणं येत नव्हतं. फेलिम सुरुवातीला टोमणे मारायचा. नंतर टोमणेही मारेनासा झाला, आणि मग तिला जरा भीती वाटली.

हिवाळ्याआधी, शरद ऋतूतही काही लोक गाई भरवतात. डर्मटनं त्या भरवल्या, शिल्लक होता तो मोनार्कच वापरून. त्याचा हात धडधाकट, नजर तीक्ष्ण, आणि त्याच्याही गाई उलटल्या. हळूहळू दुसऱ्या तालुक्यांतले चार-दोन, चार-दोन आकडेही एकत्र आले. कुणाच्याच हातून मोनार्कच्या कांडीवर फारशा गाई राहिल्या नव्हत्या. पहिल्या वर्षीचं रेत चांगलं होतं, नंतरचं वाया गेलं होतं. असं का झालं, ते कंपनीलाही नीट सांगता येत नव्हतं.

हे सगळं फेब्रुवारीत नोएलनं फोनवर सांगितलं. "सूक्ष्मदर्शकाखाली ते उत्तमच दिसतं, डिम्फ्ना. पोहतात, पोचतातही बहुधा. पण पुढं गर्भ धरत नाही. आमच्या तपासणीत हे दिसतच नाही, गाईंनीच दाखवायचं. वळू काढून टाकलाय आम्ही. तुमच्यावर अन्याय झाला, मी मान्य करतो. परत याल का?"

"नाही," ती म्हणाली. हे उत्तर तिला शोधावं लागलं नाही.

फेलिम खुर्चीतून उठूनच उभा राहिला. "बघ! बघ, मी काय म्हणत होतो! उद्या बाजारात एकेकाला गाठतो..."

"तू काहीच म्हणत नव्हतास. बस खाली."

आपल्याला आनंद व्हायला हवा, असं तिला वाटलं. तिनं वाट पाहिली. आनंद काही झाला नाही. राग तरी यावा, तर तोही आला नाही. नुसतं दमल्यासारखं वाटलं, जणू ओझं घरापर्यंत वाहून आणावं आणि मग कुणीतरी सांगावं की हे तुमचं नव्हतंच.

जार्लथ रविवारी चर्चनंतर आला. हातात बटाट्यांची पिशवी. दारातून आत येताना त्यानं बूट इतका वेळ पुसले की फेलिम म्हणाला, "अरे, पायपुसणं झिजवतोस का?"

चहा झाला. गवताचं झालं, पावसाचं झालं. मग जार्लथ कपात बघत म्हणाला, "तेव्हा ठासून का नाही सांगितलंस मला? वळूतच खोट आहे म्हणून?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं. पण तू सांगायला हवं होतंस. तू भांडायला हवं होतंस गं माझ्याशी."

"मलाच खरं वाटलं, जार्लथ," ती म्हणाली. "तुम्ही सगळे म्हणालात हात गेला. मलाही वाटलं, गेला असेल."

जार्लथनं मान हलवली. कप खाली ठेवून म्हणाला, "राणीला ठेवायला हवी होती."

"हो."

"डर्मट चांगला आहे. पण गाई त्याच्याकडं बघत नाहीत. तू एकदा ये, नुसती उभी राहायला. हात लावू नकोस."

"नाही रे. आता नको. दमलेय मी."

त्यानं आग्रह केला नाही. फेलिमनं फुटबॉलचा विषय काढला, तसे दोघं रोसकॉमनच्या गोलकीपरला नावं ठेवायला लागले. शेगडी चांगली पेटली होती. ऐकता ऐकता डिम्फ्नाला झोप लागली, पाहुणा समोर बसलेला असताना, तोंड उघडं ठेवून, वडिलांना लागायची तशी.

जाग आली तेव्हा खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. जार्लथची खुर्ची रिकामी होती. तिच्या अंगावर कुणीतरी कोट टाकला होता. फेलिम मोरीपाशी तोंड वाकडं करून उभा होता.

"कधी गेला?"

"मघाशी. उठवू नको म्हणाला. आणि कप धुऊन गेला. मी नको म्हणत होतो, ऐकेचना. स्वतःच्या घरचा कप तरी धुतला असेल का यानं जन्मात?"

"साबण लावला का?"

फेलिमनं एक कप उजेडात धरून पाहिला. "नाही."

"मग पुन्हा धू," ती म्हणाली, आणि कोट गळ्यापर्यंत ओढून तिनं डोळे मिटले.