तपासणीच्या खोलीतला मांडा

धरणगावात कोकिळाअक्कांच्या हातून मांडा पडला, ही बातमी राख खाली बसायच्या आत गल्लीभर झाली.

चाळीस वर्षांत असं घडलं नव्हतं. लग्न असो की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलट्या घातलेल्या मातीच्या खापरासमोर अक्का बसल्या, की पुरण भरलेला उंडा त्यांच्या हातांवर झुलत झुलत कोपरापर्यंत पसरायचा. इतका पातळ, की पलीकडचा जाळ दिसावा. मग अलगद खापरावर. हातातलं भांडण सोडून बायका बघत बसत.

आणि तोच मांडा चुलीच्या राखेत. त्या आठवड्यात आणखी दोन.

आठ महिन्यांपूर्वी अक्कांच्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला होता, काडेपेटीएवढा. त्यानंतर त्या आठवड्यातच पहिल्यांदा त्या खापरासमोर बसल्या होत्या. त्याला त्या ‘मन्हा पाहुना’ म्हणत. पाहुणा तसा गुणी होता. जिना चढा, हंडा उचला, एसटीत यावलपर्यंत धक्के खा, त्याची तक्रार नसे. फक्त मांडा कोपरापर्यंत आला, की अक्कांच्या डोळ्यांपुढे अंधारी येई आणि हात सुटत. तिसऱ्या वेळी तर मांड्यामागोमाग त्याही तापल्या खापरावर जायच्याच होत्या. सून पुनमने मागून पदर ओढला म्हणून वाचल्या.

जळगावच्या डॉक्टरांनी त्यांना झोपवून ईसीजी काढला आणि रिपोर्ट उत्तम असल्याचं सांगितलं. अक्का म्हणाल्या, मांडा पडतो. डॉक्टर म्हणाले, वय झालं, आता सुनेला करू द्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी गॅसची गोळी लिहून दिली. घरी येताच मुलाने, प्रेमराजने, खापर गोणीत बांधलं आणि माळ्यावर चढवलं. आखाजीला पंधरा दिवस उरले होते.

त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत. खरकटी काढता काढता पुनमला म्हणाल्या, “वय शे म्हणस तो डाक्टर. मंग ते वय मांडा करतानाज कसं येस? पानी भरताना नही येस?”

पुनम थबकली. हा प्रश्न सासूचा असला तरी बिनतोड होता. तिने कपाटातून पेसमेकरसोबत मिळालेलं कार्ड काढलं. ते घरात सगळ्यांनी जपून ठेवलं होतं आणि कोणीच वाचलं नव्हतं. मागच्या बाजूला कंपनीचा नंबर होता. पुनमने तो फिरवला, तिघांशी बोलली, दोनदा होल्डवरचं गाणं ऐकलं आणि शेवटी योगेंद्र नावाच्या तंत्रज्ञापर्यंत पोचली. त्याने सगळं ऐकून एकच विचारलं, अंधारी येते तेव्हा हात नेमकं काय करत असतात?

इतक्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. अक्कांनी फोन ओढून घेतला आणि त्या पोराला गहू भिजवण्यापासून मांडा सांगितला. त्याने तो ऐकून घेतला. मंगळवारी तो त्याच डॉक्टरांकडे मशीन घेऊन येणार होता. तोवर खापराजवळ जाऊ नका म्हणाला, आणि आल्यावर तेच काम करून दाखवा.

मंगळवारी पहाटेच्या गाडीने सासू-सून जळगावला निघाल्या. पुनमच्या मांडीवर स्टीलचा मोठा डबा. कंडक्टर म्हणाला, जेवण बरंच आहे. अक्कांनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

खोलीत योगेंद्रने अक्कांना खुर्चीवर बसवलं, पुनमने आडोसा धरला, छातीला तारा लागल्या. पडद्यावर रेघ उड्या मारत पळू लागली. हात वर करा, ताणा, तळवे दाबा. अक्कांनी सगळं केलं. रेघ शहाण्यासारखी पळतच राहिली. दारात उभे असलेले डॉक्टर म्हणाले, मी सांगितलंच होतं.

“सायेब,” अक्का म्हणाल्या, “रिकाम्या हातानं कुठं मांडा होतो का?”

त्यांनी डबा उघडला. आत ओल्या फडक्यात दोन उंडे होते, चांगले जड. एक पडायला आणि एक राहायला, असं त्यांनी घरूनच ठरवलं होतं. पहिला हातांवर घेतला. उंडा झुलला, ताणला, मनगटापाशी आला, तिथून पुढे सरकला. कोपरापाशी येताच पडद्यावरची रेघ एकदम आडवी झाली. एक ठोका गेला, दुसरा गेला. अक्कांची मान कलली. पुनमने त्यांना धरलं आणि मांडा तपासणीच्या पलंगावर पसरला. हात सैल पडताच रेघ पुन्हा उड्या मारू लागली.

डॉक्टर दारातून आत आले होते. हातातला मोबाइल त्यांनी खिशात टाकला.

योगेंद्रने सांगितलं ते असं: कणकेच्या ओढीने छातीचा स्नायू ताणला, की त्याची कुजबुज पेसमेकरला ऐकू जाते. त्याला वाटतं हृदय स्वतःच चाललंय, म्हणून तो गप्प बसतो. कान जरा जास्तच तिखट आहेत. वायर तपासली, ती शाबूत होती. डॉक्टर शेजारी बसले, दोघांनी मशीनवरूनच पेसमेकरचे आकडे बदलले. ना सुरी, ना टाका.

“अक्का, चूक माझी,” डॉक्टर म्हणाले. “मी तुम्हाला झोपवून तपासत होतो.”

“झोपून कोन मांडा करतं, सायेब?”

दुसरा उंडा. मनगट, मग कोपर. रेघ पळतेय. अक्का मुद्दाम थांबल्या, आणखी ताणला. रेघ पळतेय. योगेंद्रने महिन्याने परत दाखवायला सांगितलं आणि तारा काढल्या, पण अक्का हात खाली घेईनात.

“आते हाऊ मांडा कोठे टाकू?” त्यांनी पुनमला विचारलं.

पसरलेला मांडा परत उंडा होत नाही. मग अशी वरात निघाली: पुढे दारं उघडत डॉक्टर, मध्ये दोन्ही हातांवर मांडा झुलवत अक्का, मागे डबा घेतलेली पुनम. रांगेतल्या पेशंटांनी पाय आखडून घेतले. खाली कँटीनच्या नथ्थूभाऊंनी एक शब्द न विचारता कढई पालथी घालून शेगडीवर ठेवली. तेही खान्देशचेच.

मांडा पडला तो कढईवर, बरोबर मधोमध.

पुनमने प्रेमराजला फोन लावून सासूच्या कानाशी धरला. गोणी सोड, एवढंच अक्का बोलल्या. मग मांड्याचे तुकडे झाले. कडेला जरा करपला होता. योगेंद्र, डॉक्टर, नथ्थूभाऊ, सगळे मिटक्या मारत होते, आणि अक्का प्रत्येकाला खालच्या आवाजात बजावत होत्या, “ते करपनं कढईनं शे हां. मन्हं नही.”