हायवेवरच्या एकट्या गाडीवाल्याशी मी मराठीत बोलले

अहो मंडळी, आज दुपारी फार मजा झाली. नातीने पुण्याहून फोनवर सांगत सांगत मला टीव्हीवर सिनेमा लावायला शिकवला.

एक माणूस एकटाच गाडी घेऊन घरी निघालाय, सुनसान हायवे, आणि मागे काळी जीप. तो हळू झाला की तीही हळू. माझी भेंडी चिरायची तशीच राहिली.

मला राहवेना. ओरडलेच, "अरे बाळा, पुढे ढाबा आहे, चार माणसांत थांब! मागे मी बघते!"

तेवढ्यात खालची शेजारीण लाटणं घेऊन धावत आली. "अम्मा, कौन घुस आया? किससे लड़ रही हैं?"

सांगितलं, तर हसत पलंगावरच बसली. मग तीही जीपवाल्याला तिच्या भोजपुरीत शिव्या देऊ लागली. पोचला बाई तो घरी, सुखरूप.

ती गेल्यावर लक्षात आलं, पोरं पुण्याला गेल्यापासून, फोन सोडला तर, इथे हिंदी मुलखातल्या या घरात मी मोठ्याने मराठी आजच बोलले. देवाशी बोलते, पण ते मनातल्या मनात. घसा दुखतोय, तरी बरं वाटतंय.

इथे आमच्या ब्रह्मा घाटाजवळ दुपारी कुणी मराठी माणूस मोकळा असतो का हो? या की. सिनेमा नसला तरी चालेल.