पोटात गेलं ते वहीत गेलं

या, जवळ येऊन बसा. दारात काय उभे राहता परक्यासारखे? आणि हा पेढ्यांचा पुडा कशाला आणलात? आमची शेजारीण असती तर तोंडावर म्हणाली असती, "पोटात गेलं ते वहीत गेलं. कुणी घातलं तेही गेलं."

करी रोडच्या आमच्या चाळीत तिची खोली माझ्या खोलीला लागून. नवरा गेलेला, मुलगा ठाण्याला. एकदा तिची साखर अशी चढली की दवाखान्यात ठेवावं लागलं. मुलगा म्हणाला, आता खोलीला कुलूप, तू माझ्याकडे चल. ही ऐकेना. शेवटी दोघांत ठरलं, तीन महिन्यांत साखर खाली आली तर ती इथेच राहणार, नाही आली तर मुकाट्यानं ठाणं.

दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या मुलीनं तिला वही ठेवायला लावली. जे खाल ते लगेच लिहायचं, लपवायचं नाही. लपवणं हिच्या स्वभावातच नव्हतं. ओट्स खाल्ले त्या दिवशी लिहिलं, "ओट्स. खाल्ले. परत नाही." बांगड्याचं तिखलं लिहिलं, भात लिहिला, चहात बुडवलेलं अर्धं बिस्कीटही सोडलं नाही. मी हसले तर म्हणाली, "हस गो. तुला कुठे ठाण्याला जायचंय?"

महिनाभरानं वही चाळायला बसली तेव्हा कळलं, तिचं स्वतःचं रांधलेलं सगळं सरळ होतं. वाकडं होतं ते आमच्याकडून आलेलं. आता आमच्या मजल्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे. काही गोड झालं की शेजारी वाटी जाते, आणि नको म्हटलं तर वर्षभराचा रुसवा. म्हणून बिचारी खात होती. कुणाची खीर, कुणाच्या करंज्या, कुणाचा पूजेचा शिरा.

संध्याकाळी तिनं गॅलरीत खुर्ची टाकली आणि घराघराचं नाव घेऊन सगळं मोठ्यानं वाचलं. आम्ही खाली मान घालून लसूण सोलत बसलो. कोपऱ्यातल्या खोलीच्या वहिनी तेवढ्या भडकल्या. "आमचा शिरा काय विष आहे?"

"विष असतं तर एकदाच खाल्लं असतं. शिरा आहे, म्हणून दर पुनवेला खाल्ला."

वहिनी म्हणाल्या, प्रसादाला नाही म्हणू नये. ती म्हणाली, "नाही कुठे म्हणते? चिमूटभर द्या. देवाला वजनकाटा लागत नाही."

त्या दिवसापासून तिच्याकडे वाट्या जायच्या त्या मेथीच्या, मुळ्याच्या, तळलेल्या नव्हे तर कालवणातल्या मासळीच्या. वहिनींनी मात्र बरेच दिवस काही पाठवलं नाही. गणपतीत त्या मोदक घेऊन आल्या तेव्हा हिनं त्यांच्यासमोर त्याची एक कळी मोडून तोंडात टाकली, बाकीचा त्यांच्याच तोंडात कोंबला आणि वहीत दोघींच्या नावावर लिहून टाकला. तिथे रुसवा संपला.

तीन महिन्यांनी मुलगा रिपोर्ट घेऊन आला. साखर उतरली होती. तरी हा म्हणतो, आई, वय झालंय, आता चलच. सगळा मजला कान देऊन उभा. ती चुलीपाशी उभी होती, वळली पण नाही.

"मी माझा शब्द घासाघासाला लिहून पाळला. तुला एकच पाळायचाय. हात धू, जेवायला बस."

तो बसला. भात मागून घेतला. पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतर ती कितीतरी वर्षं त्याच खोलीत राहिली, हवं ते रांधून, हवं तेवढंच खाऊन. परवाच्या थंडीत गेली, स्वतःच्या खाटेवर. मुलगा शेवटचा आठवडा इथेच होता. ठाण्याला चल असं तिला म्हणायची हिंमत त्याला तेव्हाही झाली नाही.

आता माझी लेक फोनवर रोज म्हणते, आई, एकटी नको राहूस. मी म्हणते, बघू. बघू म्हणजे नाही, हे तिलाही कळतं. तुम्ही मात्र या हो. पुढच्याच रविवारी या, दुपारी जेवायलाच या. मी इथेच आहे.