अस्वलाचा जबडा

आधीच सांगून टाकतो, मी चित्रकलेचा शिक्षक. भुतं फळ्यावर काढली, रंगवली, पण मानली कधीच नाहीत. आजही कुणी अंगात आल्याचं सांगू लागलं की मी उठून चालू लागतो. पण जे माझ्याच घरात झालं, त्यातून उठून कुठं जाणार? आणि हे वाचून भीती वाटेल असं नाही... किळस येईल. मला अजून येते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा एरंडोलला एका शाळेत होतो. जानेवारीत स्नेहसंमेलन होतं आणि मुलांच्या नाटकात अस्वल हवं होतं. साधं मुखवट्याचं नाही, तर माणूस आत शिरेल असं, आणि बोलताना ज्याचं तोंड हलेल असं! मुख्याध्यापकांसमोर मीच फुशारकी मारली होती. आत शिरणार होता माझा धाकटा भाऊ बापू. बावीस वर्षांचा, बडबड्या आणि खादाड. भरीत-भाकरी समोर आली की त्याला दुसरं जग दिसायचं नाही.

धड सोपं होतं. काळी रंगवलेली गोणपाटं, वर सुतळ्या पिंजून केस. डोकं बांबूच्या कामट्यांचं. खालचा जबडा मी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीवर टांगला आणि त्याची दोरी बापूच्या हनुवटीखालच्या पट्ट्याला बांधली. तो बोलला की अस्वल बोलणार. स्वतःच्या डोक्यावर मी जाम खूश होतो.

अडलं ते लगद्यावर. डोक्यावर थापायला कागदाचा लगदा कमी पडला.

तेव्हाच मी साक्रीकडे मामांच्या गावी जाऊन आलो होतो. तिकडे भोवाडा होतो, म्हणजे देव-राक्षसांची मोठाली सोंगं तोंडावर बांधून नाचतात. सोंगं करायचं काम मामांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या. त्यांनी निघताना माझ्याकडे एक फुटकं राक्षसाचं सोंग दिलं होतं.

"तुना गावजोडे गिरणा शे. वाहता पानीमा सोडी दे. दुसरं काही करू नको."

फुटलेलं सोंग घरात ठेवायचं नाही, जाळायचं नाही, वाहत्या पाण्यात सोडायचं, असा त्यांचा रिवाज. मी 'हो' म्हटलं आणि सोंग घरी आणलं. मेथीचं पीठ घालून केलेला जुना लगदा, कीड लागत नाही, दगडासारखा वाळतो. असा माल नदीत सोडायचा? मी ते तुकडे करून ड्रममध्ये भिजत घातलं आणि चार दिवसांनी अस्वलाच्या तोंडाला आतून-बाहेरून थापलं.

डोकं वाळलं. तोंड वाळेना.

आठ दिवस उन्हात ठेवलं. वरून खडखडीत, पण जबड्याच्या आत बोट घातलं की बुळबुळीत. तार यायची. वास तर असा, की दोन दिवस चूळ न भरलेल्या माणसानं तोंडाजवळ येऊन बोलावं. मी चुना लावला, अत्तर लावलं, वर लाल रंग फासला आणि गप्प बसलो. मला माझी फुशारकी निभवायची होती.

नाटक झकास झालं. पोरं किंचाळली, टाळ्या पडल्या. बापू बाहेर आला तो घामानं निथळत, आणि पहिलं वाक्य बोलला, "भाऊ, तोंडले कोरड पडनी."

ती कोरड गेलीच नाही. पाणी प्याला तरी जीभ टाळूला चिकटायची. घास तोंडात फिरायचा, भिजायचा नाही. "कागद खाल्ल्यासारखं लागतं," म्हणायचा आणि थुंकून टाकायचा. जळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गुण नाही. दहा दिवसांत पोराची हाडं दिसू लागली. आईची झोप उडाली.

आणि ओसरीवर खुंटीला टांगलेलं ते डोकं... त्याच्या ओठांतून लाळ गळायची. खाली फरशीवर डबकं. मी रोज फडक्यानं पुसायचो आणि मोरीवर जाऊन ओकायचो. कुणाला बोललो नाही. शरम वाटत होती.

अकराव्या दिवशी भरदुपारी आई भरीत-भाकरीचा घास घेऊन त्या डोक्यासमोर उभी राहिली. मी ओरडलो, "आई, काय करतेस?"

"त्याले भूक शे, लाळ गळी राहिनी," ती म्हणाली, आणि घास त्या जबड्यात कोंबला.

दोरी मोकळी लोंबत होती. आत कुणी नव्हतं. तरी जबडा वर आला. खाली गेला. परत वर आला. मचमच आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मग मानेच्या भोकातून तो घास बदकन खाली पडला, नीट चावलेला, लाळेनं ओला.

अंगणात खाटेवर पडलेला बापू तिथूनच म्हणाला, "माय, मीठ कमी शे."

त्याच्या तोंडाला तेव्हा पाणी सुटलं आणि तो अर्धी भाकरी जेवला. मग तेच सुरू झालं. आधी त्या थोबाडाला घास, मग बापूला. फरशीवरचा चोथा मी उचलायचो. माझ्या हातांचा मला इतका तिटकारा आला की मी चमच्यानं जेवू लागलो.

शेवटी मामांना बोलावलं आणि सगळं कबूल केलं. त्यांनी जबड्यात बोट घालून पाहिलं.

"तव्हाच सोडतास तं काही नव्हतं," ते म्हणाले. "आते पोरनी चव त्यामा अडकी गई. सोडं तं काय व्हई, मी नै सांगू शकत."

आई सोडू देईना. ते गेलं तर पोरगा कशानं जेवेल? निर्णय बापूनंच घेतला. "सोडा, भाऊ. त्याना उष्टा तोंडनं जगाना मले कंटाळा उना."

मी ते डोकं पोत्यात घालून गिरणेवर नेलं. सोडताना जबडा उघडला, पाणी आत शिरलं आणि ते तोंड वर करून बुडालं. घरी आलो तर बापू खिचडी खात होता. स्वतःहून! आई रडत होती. मीही रडलो.

बापूनं ताट संपवलं आणि विचारलं, "खिचडीले गाळना वास कसा येस?"

आज तो सुरतेला आहे. बायको, दोन मुलं, कापड मार्केटात नोकरी. जेवतो, पण पावसाळ्यात त्याला गोड-तिखट सगळं गढूळ लागतं. तिथल्या डॉक्टरांनाही काही सापडलं नाही. योगायोग म्हणा, मनाचे खेळ म्हणा... मी वाद घालणार नाही.

फक्त दर एप्रिलमध्ये त्याचा फोन येतो. आवाज कोरडा, जीभ अडखळणारी.

"भाऊ, गिरणा आटनी का?"

मी पुलावर जाऊन आलेलो असतो. खाली नुसती वाळू असते. "नाही रे," मी सांगतो, "आहे अजून थोडं पाणी."