भाऊकाकांच्या गाडीचे पोचे

भाऊकाका आपल्या गाडीची ओळख करून द्यायचे ती पोच्यांपासून. सावेडीतल्या त्यांच्या अंगणात नवा माणूस आला, की मॉडेल कुठलं, अ‍ॅव्हरेज किती, असलं काही सांगायच्या आधी ते त्याला त्या जुन्या पांढऱ्या अँबॅसिडरच्या डाव्या अंगाला घेऊन जायचे. पुढच्या मडगार्डवर तळहात ठेवायचे आणि घरातलं माणूस दाखवावं तसं म्हणायचे, "ही फिलिपबाई." फिलिपबाई म्हणजे समोरच्या बंगल्यात राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई. त्या याच गाडीवर शिकल्या आणि शिकता शिकता चर्चच्या फाटकाच्या खांबाला भेटून आल्या. मग मागचा बंपर. "हा शेख. पोरगा झाल्याची बातमी आली आणि गडी आनंदात रिव्हर्समध्ये निघाला, तो थेट पाण्याच्या टाकीपर्यंत." मागच्या दारावरचा ताटाएवढा पोचा दूध घालणाऱ्या नानाच्या म्हशीचा होता. "ती टेकली होती फक्त," काका तिची बाजू घ्यायचे. आणि छपरावरचा खोलगट पोचा माझा. संक्रांतीला कटलेला पतंग पकडायला मी लहानपणी गाडीवर चढलो होतो. पाऊस झाला की त्यात पाणी साचायचं आणि चिमण्या प्यायला यायच्या. "बघ, तुझं पुण्य," काका म्हणायचे. माझ्या नावावर जमा असलेलं बहुधा तेवढंच.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. नागापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. गाडी त्यांनी शेवगावच्या एका डॉक्टरांकडून वापरलेलीच घेतली होती. पोचे काढून का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. "काढायला काय रे, दोन दिवसांचं काम," ते म्हणाले. "पण मग फिलिपबाईंना वाटेल, इतके दिवस काकांच्या मनात राग होता. पोचा आहे तसा राहू दिला की माणूस पुन्हा गाडी मागायला लाजत नाही." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, डेंटिंगचा खर्च वाचवायचा आणि वर तत्त्वज्ञान सांगायचं, हे आमच्या घराण्यालाच जमतं. तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी ऐकणाऱ्यातला नाही, सांगणाऱ्यातला. लग्नकार्यात चार जण जमले की मला मधली खुर्ची मिळते ती त्याच गुणावर.

गाडीची किल्ली व्हरांड्यात, विजेच्या मीटरखालच्या खिळ्याला असायची. व्हरांड्याला दार नव्हतं. ज्याला गाडी हवी त्याने किल्ली काढायची आणि "नेली हं काका!" अशी आरोळी द्यायची. काका हातातलं टाकून बाहेर यायचे, ते अडवायला नव्हे, सूचना द्यायला. "तिसरा गिअर निसटतो, त्याला हात लावून ठेवा. मागचं उजवं दार आतून उघडत नाही, बाहेरून कुणीतरी सभ्य माणूस गाठा. उजवीकडे वळलात की हॉर्न आपोआप वाजेल. घाबरू नका, बरंच आहे, लोक बाजूला होतात." शेवगावच्या रस्त्याने जाणाऱ्याला पाण्याचा कॅन द्यायचे, कारण वाटेत रेडिएटरला तहान लागायची. गाडी परत आली की गाडीकडे न बघता विचारायचे, "काम झालं का?" त्या गाडीतून पेशंट गेले, नवऱ्या गेल्या, दहावीची पोरं परीक्षेला गेली, नानाचे दुधाचे कॅन गेले. एकदा शेखचाचांचा आजारी बोकड मागच्या सीटवर बसून, शिंगं खिडकीबाहेर काढून, जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आला. महिनाभर गाडीला वास होता. काका काच खाली करून चालवत राहिले.

रविवारी गाडी विटांवर चढायची आणि काका तिच्याखाली. बाहेर फक्त पायजम्यातले दोन पाय. गल्लीतली माणसं येऊन त्या पायांशी बोलायची. सुनेशी पटत नाही, हे शेखचाचांनी पहिल्यांदा त्या पायांना सांगितलं. फिलिपसर गेल्यावर बाई कुणाशी बोलेनात. एका रविवारी त्या स्टूल घेऊन आल्या आणि पायांशेजारी बसून बराच वेळ बोलल्या. मी बी.एस्सी.ला नापास झालो तेही घरी सांगायच्या आधी पायांनाच सांगितलं. मग खालून आवाज आला, "पाना दे, मोठा." पाना दिला. "आता घरी जा आणि आईला सांग. तिच्या जेवणाआधी सांग, नंतर सांगितलंस तर पचणार नाही तिला."

काकू गेल्यावर त्यांची मुलगी, आमची मंजूताई, दर सणाला त्यांना पुण्याला न्यायला यायची.

"बाबा, पुरे झालं आता एकट्याने राहणं. चला."

"मी आलो तर लोकांना गाडी कोण देणार?"

"किल्ली खिळ्यावर तर असते! ज्याला हवी तो घेईल."

"खिळा गाडी देत नाही गं. माणूस देतो."

मंजूताई डोक्याला हात लावायची आणि एकटीच परत जायची. या एका वाक्याच्या जोरावर काका नगरात टिकून होते. माणसांना त्यांची गरज होती, आणि त्या गरजेवर त्यांचा जीव होता. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त गंजलेला पत्रा दिसत होता.

काकांची पंचाहत्तरी जवळ आली होती आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते मंजूताईकडे गेले होते. मला प्रेमाचं भरतं आलं. असं भरतं आलं की आमच्यासारख्या माणसांनी दोन दिवस झोपून राहावं. मी गाडी घेऊन नागापूरजवळच्या एका गॅरेजात गेलो. गॅरेजवाल्याने गाडीभोवती फेरी मारली. "सगळे पोचे काढायचे?" मी म्हणालो, सगळे. "वरचा बी?" वरचाही. नवी वायरिंग, नवा गिअरबॉक्स, नव्या गाद्या, रिमोटचं लॉक, आणि रंग असा की बघणाऱ्याने भांग पाडावा.

"काकांना विचारलंस का?" बायकोने विचारलं.

"सरप्राइज आहे."

"कुणाला? काकांना, का तुझ्या स्टेटसला?"

"तुला भावना कळत नाहीत," असं मी तिला सांगितलं. ते वाक्य ती अजून मला अधूनमधून परत करते.

पंचाहत्तरीला गल्ली जमली. मी रिबीन लावली होती. कव्हर ओढलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि एका पोराने दाराला हात लावताच मी ओरडलो, "हात लावू नका रे!" त्या गाडीजवळ हे वाक्य त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. काका डाव्या बाजूला गेले. मडगार्डवर तळहात ठेवला. हात सरळ घसरत पुढे गेला. त्यांनी पुन्हा ठेवला. "अगं बाई, माझा खांब गेला की!" फिलिपबाई हसत म्हणाल्या, पण हसणं अर्ध्यातच थांबलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते आनंदाचं धरलं. "फार छान केलीस रे," ते म्हणाले. "अगदी बघायला छान झाली."

त्या दिवसानंतर गाडी कुणी मागितली नाही. शेखचाचांना बेगमला डॉक्टरकडे न्यायचं होतं. ते व्हरांड्यापर्यंत आले, किल्ली हातात घेतली, आणि परत खिळ्याला लावली. "नको भाऊ. इतकी चकाचक गाडी. कुठं घासली-बिसली तर तोंड कसं दाखवू? रिक्षा करतो."

"अरे, घासू दे की!" काका म्हणाले. "घासण्यासाठीच असते ती."

"आता न्हाई तशी."

नानाने तर कॅन ठेवायचा विषयच सोडला. "काका, ती लई सायबीण झाली. आमच्या दुधाचा डाग पडायचा." रविवारी काका पायजमा घालून बाहेर यायचे, गाडीभोवती फिरायचे. खाली जाण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळं सुरळीत चालत होतं. मग ते खुर्ची टाकून बसायचे. गल्लीतली माणसं जाता जाता हात करायची. खुर्चीत सरळ बसलेल्या माणसाला मनातलं काय सांगणार?

एका दुपारी मी अचानक गेलो तर काका गाडीजवळ उभे होते, हातात लाकडी हातोडा. मला बघून तो त्यांनी पाठीमागे धरला, लहान मुलासारखा.

"काका, हे काय?"

"काही नाही रे. म्हटलं, एखादा पोचा असला म्हणजे लोकांची भीड मोडेल." ते ओशाळं हसले. "हात होईना. आणि मारला असता, तरी तो कुणाचा म्हणून सांगायचा?"

मी हातोडा त्यांच्याकडून घेतला आणि आत ठेवला.

दिवाळीला मंजूताई आली तेव्हा काकांनी वाद घातला नाही. "येतो," म्हणाले, "इथे आता माझं तसं काम काय आहे." ती बिचारी इतकी हरखली, की त्यांचा आवाज तिच्या लक्षातच आला नाही. निघताना त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू ने. तुला आवडते ती." यात टोमणा नव्हता. काकांना टोमणा मारता येत नसे, हीच तर अडचण. टोमणा असता तर मी चार दिवस रागावलो असतो आणि सुटलो असतो. ते मंजूताईच्या गाडीत बसले, गल्ली हात हलवत उभी राहिली. गाडी वळल्यावर शेखचाचा माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "आपनच घालवलं त्यांना, भाऊ. मी मागायला पायजे हुती गाडी. एकदा तरी." मी म्हणालो, "चाचा, तुमचं काय चुकलं?" ते म्हणाले, "तुमचं जेवढं, तेवढंच." यावर मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

पुढच्या रविवारी पुण्याहून फोन आला. तब्येत, हवापाणी झालं आणि काकांनी विचारलं, "गाडी कुणी नेली होती का रे?"

गाडी आमच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली होती. "हो, शेखचाचांनी नेली," माझ्या तोंडून निघून गेलं.

"काम झालं का त्याचं?"

"झालं."

काकांचा आवाज असा खुलला की पुढच्या रविवारी मी फोनवरच नानाला गाडी दिली. त्याच्या पुढच्या रविवारी नानाच्या मेव्हणीचं डोहाळजेवण काढलं. आठ बायका एका गाडीत बसवल्या आणि वाटेत पंक्चर केली. मला अंगचीच सवय. रविवारमागून रविवार मी त्या हलत नसलेल्या गाडीला अख्खा जिल्हा फिरवून आणलं, आणि फोन ठेवल्यावर दरवेळी पाणी प्यायला उठलो.

शेवटी ठरवलं, खोटं खरं करायचं. किल्ली घेऊन फिलिपबाईंकडे गेलो. "बाई, बाजारात जाताय ना? घ्या गाडी." त्या नको नको म्हणत तयार झाल्या, "पण तू बरोबर ये." काका शिकणाऱ्याच्या शेजारी बसून पेपर वाचायचे. मी बसलो आणि पहिल्याच स्कूटरला माझा पाय माझ्या बाजूला नसलेल्या ब्रेकवर रुतला. रिक्षा जवळून गेली तेव्हा मी दाराचं हँडल धरलं. बाईंनी कोपऱ्यावर गाडी उभी केली आणि शांतपणे उतरल्या. "तुझा श्वास ऐकू येतोय मला," त्या म्हणाल्या. "असं नाही रे चालवता येत." पिशवी काखोटीला मारून त्या दुखऱ्या गुडघ्याने चालत गेल्या. मी मागून "बाई, बाई" करत राहिलो. मला तेव्हा कळलं की लोकांची भीड रंगाने नाही, माझ्यासारख्या मालकाने वाढते.

त्या रविवारी काकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना विचारूच दिलं नाही. "काका, गाडी कुणीच नेत नाही. तुम्ही गेल्यापासून एकदाही नाही. मी तुम्हाला सगळं खोटं सांगत होतो."

पलीकडे मंजूताईच्या कुकरची शिट्टी झाली.

"माहीत आहे रे," काका म्हणाले. "शेख फोन करतो ना मला."

"मग दर रविवारी विचारता कशाला?"

"तू छान सांगतोस. मी इथे जेवताना सगळ्यांना सांगतो. त्या डोहाळजेवणाला तर जावईबापू इतके हसले की ठसका लागला." मग म्हणाले, "आणि सांगताना तुलाही बरं वाटतं. कळतं ते मला इथून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. काकांनी वाट बघितली. घाई त्यांना कधीच नसायची.

"बरं," ते म्हणाले, "मग आज कुणी नेली होती?"

खिडकीतून खाली कव्हर घातलेली गाडी दिसत होती. मी खुर्ची ओढली आणि खिडकीला पाठ करून बसलो.

"आज ना काका," मी म्हणालो, "सकाळी सकाळी फिलिपबाई आल्या. म्हणाल्या, मी एकटीच नेते, तू येऊ नकोस..."