रिकाम्या टेबलाला शून्य

शाळेत असताना मला एका स्पर्धेत शून्य मिळालं, आणि ते माल विकला म्हणून मिळालं. हे मी आजवर इतक्या जणांना ऐकवलंय की मी पहिलं वाक्य बोलले की नवरा उठून चहा ठेवायला जातो.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी नववीत होते. नाशिक शहरातल्या शाळांची मिळून एक विक्री स्पर्धा भरायची. प्रत्येक शाळेला एक टेबल, दिवसभर दुकान मांडायचं आणि संध्याकाळी बक्षीस. आमची शाळा साधी, बागाईतदारांच्या आणि नोटांच्या प्रेसमध्ये कामाला जाणाऱ्यांच्या मुलींची. माझ्या वडिलांची मखमलाबादच्या बाजूला फुलं आणि भाजी होती, आणि दहा वर्षांची असल्यापासून मी त्यांच्याबरोबर बाजारात बसायचे. म्हणून वर्गाच्या बाईंनी मलाच उभं केलं. वडिलांनी दोन पाट्या फुलं दिली, एक शेवंतीची, एक गुलछडीची.

दहाला स्पर्धा सुरू झाली. शेजारच्या टेबलावर एका मोठ्या शाळेच्या मुलींनी भरतकामाचे रुमाल मांडले होते, मागे रंगीत कागदाची झालर. मी झालर बघत बसले नाही. मैदानाच्या कडेला मंडपवाला दोऱ्या तपासत उभा होता. दुसऱ्या दिवशी लग्नाची तिथी होती हे मला ठाऊक होतं, आणि ज्याचा मंडप, त्याला फुलं लागणार हेही. मी त्याच्याकडे गेले.

"काका, दोन्ही पाट्या उक्त्या घेता का?"

उक्तं म्हणजे मोजत बसायचं नाही, सगळा माल एका बोलीत. तो हसला, मी भाव सांगितला, तो चालायला लागला, मी पाटी उचलून त्याच्या नाकाखाली धरली. पावणेअकराला सौदा झाला. वडील सकाळी जेवढ्याची आशा धरून होते त्यापेक्षा जास्त आले. मी टेबल पुसलं, पाटी उलटी घातली आणि भेळभत्ता खायला गेले.

तीन वाजता परीक्षक आले. छातीला बिल्ला लावलेले एक गृहस्थ, आणि सोबत आमच्या बाई.

"दुकान कुठंय?"

"विकलं."

"विकलं म्हणजे? मांडणी कशी बघायची आम्ही? गिऱ्हाइकाशी बोलणं कसं बघायचं?"

"गिऱ्हाईक गेलं ना साहेब, माल घेऊन."

ते कागदावर काहीतरी लिहायला लागले तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "या शेजारच्या मुलीच्या टेबलावर बघा, निम्मे रुमाल तसेच पडलेत आणि गेलेले तिच्या मावशीनं घेतलेत. बाजारात ज्याचा माल संध्याकाळपर्यंत उरतो त्याला आम्ही बक्षीस देत नाही."

बाईंनी माझं मनगट धरलं. "माफी माग."

मी मागितली नाही. रुमालांना पहिलं बक्षीस मिळालं.

पुढे मॅट्रिक झाले, लग्न झालं. सासरी फुलांचं कोणाला काही कळत नव्हतं. मी ओट्यावर हार करायला बसले. ओट्यावरून पंचवटीत गाळा झाला, गाळ्यावरून मंगल कार्यालयांची सजावट, मग स्वतःचा टेम्पो. यातलं एकही कोणी हातात आणून दिलेलं नाही. कार्यालयांचे मॅनेजर मला येताना बघून फोनवर बोलत असल्याचं सोंग करायचे. रिसीव्हर कानाला आणि एक डोळा माझ्याकडे. मी समोर बसून राहायचे. कधीतरी रिसीव्हर ठेवावाच लागतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझी मुलगी त्याच शाळेत नववीत गेली. त्याच बाई आता मुख्याध्यापिका होत्या आणि वर्षभरात निवृत्त व्हायच्या होत्या. एके दिवशी त्यांचं बोलावणं आलं. मी पालक-शिक्षक संघात होते, पण मला वाटलं देणगी हवी असेल. गेले तर टेबलावर तीन पत्रकं पेपरवेटखाली ठेवलेली.

"हल्ली हे अर्थशास्त्राचं आणि व्यापाराचं नवीन खूळ आलंय," बाई म्हणाल्या. "मुलांसाठी स्पर्धा. आपल्याला यंदा एकच झेपेल, चार मुलींची. मला यातलं कळत नाही. तू धंदा करतेस, तूच निवड."

"मी? मला शून्य मिळालं होतं."

"शून्य नव्हतं ते. मी तुला गैरहजर लिहिलं होतं."

"उभी होते मी तिथं!"

"शून्य लिहिलं असतं तर शाळेच्या एकूण गुणांत धरलं असतं. म्हणून गैरहजर लिहिलं. वाच आता."

अठरा वर्षांनी कळलेली ही गोष्ट मला तेव्हा पटली नाही आणि आजही पटत नाही. पण पत्रकं ओढून घेतली. मी कुठलाही करार खालून वर वाचते. वरती गोड लिहिलेलं असतं, आपल्याला बांधणारं सगळं खाली बारीक अक्षरात असतं. पहिलं पत्रक प्रश्नमंजूषेचं. कोणता कारखाना कोणत्या गावी, कोणत्या देशाचं नाणं कोणतं. पाठ करणाऱ्याचा खेळ, बाजूला ठेवला. दुसरं पुण्याच्या एका संस्थेच्या लेखी परीक्षेचं. खाली लिहिलेलं, उत्तरं इंग्रजीत, केंद्र फक्त पुणे. तेही बाजूला. तिसरं होतं आमच्याच शहरातल्या विक्री स्पर्धेचं. ती अजून भरत होती. शेवटचा नियम: परीक्षण पूर्ण होईपर्यंत दुकानावर किमान निम्मा माल असणे आवश्यक.

मी वर बघितलं.

"हो," बाई म्हणाल्या. "तुझ्यानंतर दुसऱ्याच वर्षी घातला तो."

माझा मूर्खपणा म्हणून ज्याला सगळे हसले, तो छापून नियम झाला होता. मला राग आला आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. "हीच," मी म्हणाले. "माझ्या पोरीला पाठवते आणि दाखवते त्यांना."

दुपारी गाळ्यावर मुलीला सांगितलं. ती शेवंतीच्या देठांचा ढीग बाजूला सारत होती. तिचा चेहरा उतरला.

"आई, आम्हाला पुण्याची परीक्षा द्यायची होती. इंग्रजीच्या सरांनी तिन्ही पत्रकं दाखवली तेव्हापासून आम्ही चौघी महिनाभर वाचतोय."

"इंग्रजीत लिहिणारेस?"

"ते बघू. पण विक्रीची नको. तो शेवटचा नियम वाचलास ना? सगळं विकलं तर मी हरणार, आणि अर्धं ठेवलं तर तू मला घरात घेणार नाहीस."

बाजूच्या गाळ्यातली बाई फिसकन हसली. मी म्हणाले, "एवढं काय आहे त्या परीक्षेत?"

तिने दप्तरातून घडी घातलेला कागद काढला. नमुन्याचा प्रश्न तिने इंग्रजीच्या सरांकडून समजून घेतला होता. ओळखीच्या एका वस्तूचा भाव का चढतो आणि का उतरतो ते सांगा, पुस्तकातली व्याख्या लिहू नका.

"त्यात काय लिहायचं? गुलछडीचा भाव मी वाढवते."

"कशाच्या जोरावर?"

"माझ्या मर्जीच्या."

"मग आषाढात का नाही होत तुझी मर्जी?"

आषाढात लग्नं नसतात हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माझ्या धंद्यावर असा प्रश्न मला आजवर कोणी टाकला नव्हता, आणि उत्तर देताना मी दोनदा अडखळले. तिसऱ्यांदा तिच्यावर ओरडले. ती शांतपणे देठं गोळा करत राहिली. रात्री तिने जेवताना तो विषय काढला नाही, आणि मला तेच जास्त लागलं. ही पोरगी मागतेय ते मी नाकारलं तर ती दुसऱ्यांदा मागणार नाही, हे मला दिसत होतं. मीही वडिलांकडे दुसऱ्यांदा काही मागितलं नव्हतं.

सकाळी शाळेत गेले. "बाई, पुण्याची."

"अगं, इंग्रजी? आणि चार मुली घेऊन पुण्याला मुक्काम? तूच काल बाजूला ठेवलीस."

"काल मी गिऱ्हाईक म्हणून वाचलं. आता सौदा करून येते."

दुसऱ्या दिवशी सीबीएस स्टँडवरून पहिल्या एसटीने पुणे गाठलं. संस्थेचे चिटणीस निवृत्त प्राध्यापक होते, बारीक, नीटनेटके, बोलताना प्रत्येक शब्द वेगळा ठेवणारे. मी सांगितलं ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"हे बघा, नियम छापलेले आहेत."

"छापलेलं दुसऱ्यांदा छापता येतं, सर."

"चार मुलींसाठी नाशिकला केंद्र? किमान पंचवीस विद्यार्थी लागतात."

"चाळीस देते. उक्ते घ्या. केंद्र नाशिकला, उत्तरं मराठीत, आणि फी निम्मी."

"मराठी उत्तरपत्रिका तपासणार कोण?"

"तुम्ही आत्ता माझ्याशी कोणत्या भाषेत भांडताय?"

ते हसले नाहीत, पण चष्मा काढून पुसायला लागले. माणूस चष्मा पुसायला लागला की तो मनात हिशेब मांडत असतो, हे मी कार्यालयांच्या मॅनेजरांकडून शिकले होते. मी गप्प बसले. भाव सांगून झाल्यावर जो आधी बोलतो तो उतरतो.

"फी कमी होणार नाही," ते शेवटी म्हणाले.

मी मोठा सुस्कारा सोडला, पिशवी उचलल्यासारखं केलं, परत ठेवली, आणि कबूल झाले. निम्मी फी मी सोडून देण्यासाठीच मागितली होती. केंद्र आणि मराठी कागदावर लिहून घेतलं. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: चाळीसपैकी एकही कमी असल्यास केंद्र रद्द. तेही खालूनच बांधणारे निघाले.

माझ्याकडे चार होत्या. मुदत पंधरा दिवसांची.

गाळ्यावर माल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी पत्रक द्यायला सुरुवात केली. सायखेड्याचा एक शेतकरी झेंडू आणायचा. त्याने कागद उलटासुलटा केला.

"ताई, पोरगं हुशार हाय माझं. पण परीक्षा कशाची म्हणता?"

"भावाची. का चढतो, का पडतो."

"मंग लय लिहील. घरात दुसरं बोलणंच नाय."

त्याच्या पोराने वर्गातले आणखी सात जण आणले. मनमाडला हार घेऊन जाणाऱ्याने तिथल्या शाळेत पत्रक दिलं, तिकडून नऊ आले. बाईंनी ओळखीच्या मुख्याध्यापकांना पोस्टकार्डं लिहिली, त्यांच्या त्या ताठ अक्षरात, आणि शहरातून आणखी पंधरा मिळाले. मुदतीच्या आदल्या दिवशी आकडा छत्तीसवर अडला. मुलगी गाळ्यावर बसून नावं परत परत मोजत होती, जणू मोजल्याने वाढणार होती. मी तिच्यावर खेकसले आणि मग पुण्याच्या सरांना काय सांगायचं ते मनात जुळवायला लागले.

संध्याकाळी एक माणूस सायकल हातात धरून गाळ्यासमोर उभा राहिला. हरसूलच्या शाळेवरचे मास्तर. बाईंचं पोस्टकार्ड त्यांना उशिरा मिळालं होतं. एसटीच्या टपावर सायकल टाकून आले होते.

"पाच मुलं आहेत," ते म्हणाले. "इंग्रजी नाही त्यांना. आणि बाजार आमच्याकडे आठवड्यातून एकदाच भरतो. चालेल का?"

"आठवड्यातून एकदा बघणारा जास्त नीट बघतो," मी म्हणाले आणि त्यांना बसायला स्टूल दिलं. मुलीने शेवटची पाच नावं लिहिली. एक्केचाळीस.

परीक्षा आमच्याच शाळेत झाली. तीन तासांचा पेपर. बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, मी बाहेर कडुनिंबाखाली. खिडकीतून सायखेड्याचा मुलगा जीभ बाहेर काढून लिहिताना दिसत होता. हरसूलची पाचही मुलं तेल लावून, नवीन पेन घेऊन आली होती.

दीड तास झाला असेल. दार उघडलं आणि माझी मुलगी बाहेर आली.

मी ताडकन उठले. एवढं सगळं केलं, पुणे केलं, चाळीस पोरं गोळा केली, आणि ही अर्ध्यात उठून आली! "अगं, बस आत! दीड तास आहे अजून!"

बाईही तेच म्हणाल्या, त्याच वेळी, जवळजवळ त्याच शब्दांत.

ती आम्हा दोघींकडे बघत राहिली. "पण झालं ना माझं. गुलछडीचं सगळं लिहिलं. आषाढसुद्धा. आता नुसतं बसून काय दाखवू?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या हजेरीच्या कागदाकडे. मग परत माझ्याकडे.

"काय गं," त्या म्हणाल्या, "गैरहजर लिहू का हिला?"

"लिहून तर बघा," मी म्हणाले.

त्या हसल्या. मी त्यांना तशा हसताना शाळेत कधी बघितलं नव्हतं. मी काही त्यांना माफ केलेलं नाही. पण त्या दिवशी मी त्यांनाही विचारलं, "बाई, पेपर संपला की भेळभत्ता खायला येता?"

"दीड तास आहे अजून. तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी पुड्यात आण. कांदा जास्त."

आम्ही दोघी मैदान ओलांडून फाटकाकडे निघालो. मुलगी सांगत होती की तिसऱ्या प्रश्नात तिने माझ्या मर्जीबद्दल एक परिच्छेद लिहिलाय. मी विचारलं, चांगला की वाईट?

"खरा," ती म्हणाली, आणि भेळवाल्याशी भाव करायला माझ्या पुढे पळाली.