बाजूची पाटी

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि मी मोटारसायकलवरून गावोगाव धानाचं बियाणं पोचवत असे. पोतं मागे बांधलं की नंबरपाटी झाकून जाई. गोंदियाच्या नाक्यावरच्या शिपायाने शेवटी दम भरला, "अगली बार गाड़ी थाने में रखूँगा."

म्हणून मी सौंदडला एका लोहाराला गाठलं. पाटी पोत्याबाहेर, चाकाच्या बाजूला यावी अशी लोखंडी पट्टी वाकवून द्यायची, एवढंच काम. पण त्याचा जन्म बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्यात गेलेला. बोलणाऱ्याकडे तो बघतच नसे, लोखंडाकडे बघून "हव" म्हणे. मी काटकीने मातीत चित्र काढून दाखवलं, तर हा त्या चित्रावरच फतकल मारून भाता ओढायला बसला!

दुपारी बघतो तो पाटी बाजूला होती खरी, पण तिचं तोंडही बाजूलाच. बैलगाडीच्या बाजूला परवान्याचा बिल्ला ठोकतात तशी ती खुशाल शेताच्या बांध्यांतलं धान बघत होती.

"अहो, नंबर मागून दिसायला हवा!" मी ओरडलो.

"मांगून कोन पाहते? मांगचा त धूळ खाऊन राह्यते," तो ऐरणीला म्हणाला.

"शिपाई पाहतो!"

"मंग त्याले बाजूनं याले सांगा ना."

मी दोन्ही हातांनी पट्टी पिळून पाहिली. ती तसूभर हलली नाही. त्याने वर पाय देऊन, उभं राहून मजबुती दाखवली.

संध्याकाळी नाक्यावर शिपाई नेमका मागे येऊन उभा राहिला. मी दातओठ खात म्हणालो, "साहब, ज़रा बाजू से आइए."